तारेखालची ९१ वर्षे
(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



मी विषय कळवला तेव्हा ग्रंथालयाच्या चिटणीसांनी फोनवर जरा थांबून विचारले, "लोकलगाडीवर तासभर?" त्यांची शंका रास्त होती. व्याख्यानमालेत संत येतात, समाजसुधारक येतात, संविधान येते, अलीकडे हवामानबदलही येतो. लोकल हा विषय आपण प्लॅटफॉर्मवरच संपवतो, आणि तोही दोन शिव्या घालून. पण मला सांगा, या सभागृहातल्या किती जणांनी आयुष्याची काही वर्षे, तास नव्हे, वर्षे, त्या एका यंत्राच्या पोटात उभ्याने काढली आहेत? ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण जमतो, ते नोकरीभर याच गाडीने दादरला शिकवायला गेले. पेपर तपासायचे तेही गाडीतच. मग त्या यंत्राचा इतिहास आपल्याला ठाऊक नसावा, हे जरा चमत्कारिकच नाही का?

मी रेल्वेचा माणूस नाही. पदार्थविज्ञान शिकवत आलो आणि लोकलने फिरत आलो, एवढाच माझा अधिकार. आज बोलणार आहे ते मुंबईच्या डीसी लोकलबद्दल. १५०० व्होल्टच्या दिष्ट प्रवाहावर धावणारी ती जुनी गाडी. पिवळी-तपकिरी, खिडक्यांना लोखंडी गज, वर पंखे, आणि निघताना खालून येणारा तो घुमणारा, चढत जाणारा आवाज. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी ती पहिल्यांदा धावली आणि ९ एप्रिल २०१६ च्या रात्री शेवटची. ९१ वर्षे. ती आली कशी, तिने आपले काय केले आणि ती गेली का, या क्रमाने बोलायचा विचार आहे. पण शेवटच्या गोष्टीपाशी मी रेंगाळणार, हे आधीच कबूल करून टाकतो.

आधी येण्याबद्दल.

आपल्या शाळेत शिकवतात की १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी सुटली. ठीक आहे. पण वाफेचे इंजिन लांबच्या प्रवासाला चांगले, शहरात फिरायला वाईट. का? शहरातली गाडी दर दोन-तीन किलोमीटरला थांबते आणि पुन्हा निघते. वाफेचे इंजिन वेग घ्यायला वेळ लावते. शिवाय गाडी बोरीबंदरला पोहोचली की इंजिन सोडवायचे, फिरवून आणायचे, दुसऱ्या टोकाला जोडायचे. तेवढा वेळ प्लॅटफॉर्म अडकलेला. धुराचे तर विचारूच नका. १९०४ साली मुंबई सरकारचे मुख्य अभियंता डब्ल्यू. एच. व्हाइट यांनी सुचवले की मुंबईच्या दोन्ही रेल्वे कंपन्यांनी वीज घ्यावी. दोन कंपन्या म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, आपली जीआयपी (पुढची मध्य रेल्वे), आणि बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया, म्हणजे बीबी अँड सीआय (पुढची पश्चिम रेल्वे). सूचना १९०४ ची, गाडी १९२५ ची. मधे महायुद्ध आले हे खरे, पण मुंबईत योजनांना वीस वर्षे लागतात ही परंपरा मेट्रोपासून सुरू झालेली नाही, एवढे आपण लक्षात ठेवू.

आता १५०० व्होल्टच का? आणि डीसीच का? हा निर्णय पुढच्या सगळ्या कथेचा धागा आहे, म्हणून जरा समजून घेऊ. त्या काळी गाडीच्या चाकाला फिरवणारी उत्तम मोटर एकच होती, डीसी सिरीज मोटर. तिचा गुण असा की उभ्या स्थितीतून निघताना, नेमकी गरज असते तेव्हाच, ती सर्वात जास्त जोर लावते. थांबा-निघा करणाऱ्या गाडीला याहून चांगले काय हवे? उलट नेहमीच्या एसीवर चालणारी मोटर तेव्हा अशी सहज काबूत ठेवता येत नव्हती. (इथे एसी म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाह, गारेगार डबा नव्हे.) एसीचे डीसी करायला मोठमोठी फिरती यंत्रे लागत. ती गाडीत बसवणे शक्य नव्हते, म्हणून रुळाकाठच्या उपकेंद्रांत बसवायची आणि तारेतूनच डीसी पाठवायचा. ब्रिटनमध्ये सर अलेक्झांडर केनेडी यांच्या समितीने १९२१ च्या सुमारास १५०० व्होल्ट डीसी हे प्रमाण ठरवण्याची शिफारस केली होती. मुंबईनेही तेच घेतले. मी पुन्हा सांगतो, १९२५ साली हा निर्णय अगदी बरोबर होता. चुकीचे निर्णय लवकर बदलले जातात. बरोबर निर्णयांची पंचाईत अशी की त्यांच्यावर शहर उभे राहते.

पहिली गाडी कुठून कुठे गेली? व्हीटी, म्हणजे बोरीबंदर, ते कुर्ला. पण आपल्या कल्याणकडच्या मेन लाइनने नव्हे, गोदीच्या बाजूच्या हार्बर लाइनने. हार्बरचा कुर्ला ते रे रोड हा तुकडा १९१० पासून होता. तो व्हीटीला जोडायचा तर मशीद आणि सँडहर्स्ट रोडच्या दाट वस्तीवरून उंच मार्ग बांधायला हवा होता, चांगला चढाचा. तो मार्ग आणि वीज एकत्रच आली. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी उद्घाटन केले. गाडी चार डब्यांची. डबे केमेल लेअर्ड या इंग्लिश कंपनीचे आणि जर्मनीतल्या उर्डिंगेनच्या कारखान्याचे. भारतातली ही पहिली विजेवरची प्रवासी गाडी, आणि ती दिल्ली-कलकत्त्यात नव्हे, गोदीच्या कडेकडेने, कापसाच्या आणि कोळशाच्या वखारींमधून धावली. मला हे आवडते. राजधानीत नाही, मजुरांच्या मार्गावर.

मग गाडी भराभर पसरली. १९२७ मध्ये आठ डब्यांच्या गाड्या आल्या. ५ जानेवारी १९२८ ला पश्चिमेकडे कुलाबा ते बोरिवली. हो, तेव्हा चर्चगेटच्या पुढे कुलाब्याला स्टेशन होते, १९३० च्या अखेरीस ते बंद झाले. १९३६ ला विरार. इकडे आपल्या बाजूला कल्याणपर्यंत, मग १९२९ ला बोरघाट चढून पुणे, १९३० ला कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरी. सुरुवातीची वीज टाटांच्या जलविद्युत केंद्रांची, म्हणजे पाऊस पडतो मावळात आणि गाडी धावते मशीद बंदरला. पुढे जीआयपीने स्वतःचे वीजकेंद्र काढले, ते ठाकुर्लीचे. चोळे पॉवर हाऊस. डोंबिवलीकरांना सांगायला नको. उल्हास नदीच्या काठी कोळसा जळायचा आणि त्या उष्णतेवर व्हीटीचा कारकून हापिसात वेळेवर पोहोचायचा.

आता गाडीच्या पोटात शिरू.

लोकलला इंजिन नसते, हे आपण रोज बघतो पण त्याचे महत्त्व लक्षात येत नाही. मोटरी डब्यांच्याच खाली वाटून दिलेल्या. ठरावीक डब्यांमागे एक मोटर कोच, त्याच्या छतावर तारेला टेकणारा पेंटोग्राफ, त्याच्या चार आसांना चार मोटरी. डबे वाढवले की मोटरीही वाढतात. टोकाला पोहोचले की इंजिन फिरवणे नाही. मोटरमन आपली बॅग उचलतो, प्लॅटफॉर्मवरून चालत दुसऱ्या टोकाला जातो, गार्ड या टोकाला येतो, आणि काही मिनिटांत तीच गाडी उलटी निघते. जगातल्या सर्वात गर्दीच्या स्टेशनांपैकी काही आपण एवढ्याशा प्लॅटफॉर्मांवर चालवतो, ते या एका गुणावर. आणखी एक. लांब पल्ल्याचा डबा सुमारे १० फूट ८ इंच रुंद असतो, लोकलचा १२ फूट. सव्वा फुटाने काय होते? तिघांच्या बाकावर चौथा माणूस टेकतो. चौथ्या सीटची आपली संस्कृती या सव्वा फुटावर उभी आहे. खरे तर बसली आहे.

आणि तो आवाज. गार्डने दोन बेल दिल्या, मोटरमनने हँडल दाबून फिरवले. हे हँडल सतत दाबूनच धरावे लागते. हात सुटला तर ब्रेक लागतो, म्हणून त्याला डेडमॅन हँडल म्हणतात. थेट १५०० व्होल्ट उभ्या मोटरीला दिले तर ती जळेल. म्हणून सुरुवातीला मोटरी एकामागे एक जोडायच्या आणि वाटेत रोधक घालायचे. गाडी वेग घेईल तसतशी एकेक रोधक काढून टाकायचा. हे काम कॅमशाफ्ट, म्हणजे उंचवटे असलेला फिरता दांडा, करायचा. प्रत्येक रोधक निघाला की जोर किंचित वाढायचा आणि आपल्याला एक बारीकसा गचका बसायचा. उभे असाल तर आठवेल, निघताना सलग पाच-सहा हलके गचके. मग क्षणभर जोर सुटायचा, जोडणी बदलायची आणि पुन्हा जोर. वेग वाढेल तसा मोटरीचा आणि गिअरचा स्वर चढत जायचा. आपण भजनी मंडळाच्या झांजा ऐकत होतो. खालून कॅमशाफ्ट आपला ठेका देत होता, तो कुणी ऐकला?

यात एक गोम होती. रोधकांत जाणारी वीज म्हणजे नुसती उष्णता, डब्याखाली तापून हवेत गेलेली. आणि थांबताना? वेगात असलेली अख्खी गाडी ब्रेकच्या ठोकळ्यांवर घासून थांबवायची. तीही सगळी उष्णता. म्हणजे गाडी निघताना तापवायची आणि थांबताना तापवायची. दर स्टेशनाला. दिवसभर. सत्तर-ऐंशी वर्षे.

या गाडीने आपले काय केले? माझे उत्तर थोडक्यात असे की तिने घड्याळ बदलले आणि घर लांब नेले. त्याआधी गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात चाळ असायची. विजेच्या गाडीने सांगितले, दादर-माटुंग्याला राहा, पार्ल्याला राहा, बोरिवलीला राहा, पुढे डोंबिवलीला राहा, मी तुम्हाला वेळेवर नेईन. लोक राहिले. गाडीला नाव नव्हते, म्हणून वेळच तिचे नाव झाली. "मी ८.१२ ने जातो," असे माणूस आपला पत्ता सांगावा तसे सांगू लागला. त्या ८.१२ ला एक ठरलेला डबा, त्यात ठरलेला कोपरा, कोपऱ्यात ठरलेली माणसे, दसऱ्याला गाडीला हार आणि आंब्याची डहाळी. डबेवाल्यांचा आणि कोळणींच्या पाट्यांचा मालडबा वेगळा. ५ मे १९९२ ला पश्चिम रेल्वेवर चर्चगेट-बोरिवली पहिली महिला विशेष गाडी धावली, त्याच वर्षी मध्य रेल्वेवरही. बायकांच्या डब्यात भाजी निवडली जायची, डोहाळजेवणे व्हायची, हे सगळे आपण कौतुकाने सांगतो.

सांगावे. पण मला त्या कौतुकाचा थोडा कंटाळाही आहे. भाजी गाडीत का निवडावी लागे? कारण घरी पोहोचेपर्यंत रात्रच व्हायची. नऊ डब्यांची गाडी सुमारे १७०० माणसांसाठी बांधलेली, गर्दीच्या वेळी तीत साडेचार हजारांच्या वर माणसे. रेल्वेने या अवस्थेला तांत्रिक नावही दिले, 'सुपर डेन्स क्रश लोड'. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे. दरवाजे हाताने सरकवायचे आणि म्हणून कायम उघडे. त्या दरवाज्यातून पडून आणि रूळ ओलांडताना या शहरात दरवर्षी हजारोंनी माणसे मेली आहेत. त्याला 'मुंबईचे स्पिरिट' म्हणणे मला जमत नाही. त्या गाडीने शहर घडवले हे खरे आणि शहराने ती गाडी तिच्या ताकदीच्या तिप्पट वापरली हेही खरे. यांतले एकच वाक्य सांगितले तर इतिहास अर्धा राहतो.

गाडीची घडणही मधे बदलली. स्वातंत्र्यानंतर कलकत्त्याची जेसप आणि मद्रासजवळ पेरांबूरची इंटिग्रल कोच फॅक्टरी इथले डबे बनवू लागली. साठच्या दशकात नऊ डबे आले, १९८६ मध्ये मेन लाइनवर बारा. १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली. पण वरची तार तीच. १५०० व्होल्ट, डीसी. आणि आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

ही गाडी म्हातारी होऊन गेली नाही. डबे गंजतात, नवे येतात. मोटरी जळतात, नव्या गुंडाळतात. ती गेली ती वरच्या तारेमुळे. फळ्यासमोर असतो तर खडू घेतला असता, पण तोंडीच करू. समजा, एका गाडीला वेग घेताना २,००० किलोवॉट शक्ती हवी. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट, दहावीचे सूत्र. १५०० व्होल्टवर किती अँपिअर लागतील? १,३३३. आणि २५,००० व्होल्टवर? ८०. फक्त ८०. शक्ती तीच. इमारतीच्या गच्चीवरची टाकी उंच असेल तर बारीक नळातूनही बादली भरते, टाकी खांद्याएवढ्या उंचीवर असेल तर मोठा पाइप घालूनही धार लागत नाही. व्होल्टचे तसेच आहे. आणि तारेत वाया जाणारी उष्णता अँपिअरच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे त्याच जाडीच्या तारेत कमी व्होल्टची नासाडी सोळा-सतरा पट नव्हे, पावणेतीनशे पट.

म्हणून डीसीची तांब्याची तार जाडजूड. म्हणून दर काही किलोमीटरला उपकेंद्र. एसीला ते तीस-चाळीस किलोमीटरनी चालते. आणि तरीही बारा डब्यांच्या दोन-तीन गाड्या एकाच टप्प्यात एकदम निघाल्या की तारेतले व्होल्ट खाली बसायचे आणि सगळ्याच रेंगाळायच्या. गर्दी वाढली, गाड्या वाढवा, अशी मागणी आपण करत होतो. प्लॅटफॉर्म हवा, रूळ हवा, गाडी हवी, हे सगळे आपल्याला दिसत होते. तारेत वीजच मावत नाही, हे कुणाला दिसणार?

दिसायचे एका ठिकाणी. विरारला. पश्चिम रेल्वेची लोकल इतकी वर्षे विरारपर्यंतच का जायची? पुढे वस्ती नव्हती म्हणून? पालघर होते, बोईसर होते, डहाणू होते. रूळही होते. पण गुजरातकडच्या मार्गाला सत्तरच्या दशकात वीज आली ती २५ हजार व्होल्टची, एसी. विरारला डीसी संपे आणि एसी सुरू होई. आपली लोकल त्या तारेखाली गेली असती तर जळाली असती. एक्स्प्रेससाठी दोन्ही प्रवाहांवर चालणारी खास इंजिने बनवली, लोकलसाठी तेव्हा कुणी तसदी घेतली नाही. पालघरचा माणूस विरारला गाडी बदलत राहिला. १६ एप्रिल २०१३ ला डहाणूपर्यंत लोकल गेली, ती तार बदलल्यावर आणि दोन्ही प्रवाहांच्या गाड्या आल्यावरच. इतकी वर्षे मुंबईची वेस भूगोलाने ठरवली नव्हती, नगररचनाकारांनीही ठरवली नव्हती. ती व्होल्टांनी ठरवली होती. इकडे इगतपुरीला एक्स्प्रेसची इंजिने बदलत तेही त्याच कारणाने. आपण मात्र समजत होतो की गाडी वड्यासाठी थांबते.

आता एक चमत्कार बघा. भारतीय रेल्वेने २५ हजार व्होल्ट एसी हे प्रमाण म्हणून स्वीकारले ते १९५७ साली. फ्रेंचांनी ते तंत्र सिद्ध करून दाखवले होते. १९५९ मध्ये आपल्याकडे तशी पहिली गाडी धावलीही. हावड्याला त्याच १९५७ मध्ये ३,००० व्होल्ट डीसी सुरू झाले होते, त्यांनी ते पुढे मोडून एसी केले. मद्रासला १९३१ पासून मीटरगेजवर १५०० व्होल्ट डीसीच्या लोकल होत्या, त्यांनीही साठच्या दशकात बदल केला. मुंबईने? मुंबईने १९९२ मध्ये खाडीवरून वाशीला नवी कोरी लाइन नेली आणि तिच्यावर टांगली १५०० व्होल्टची डीसी तार. पस्तीस वर्षांपूर्वी बाद ठरलेली. वेडेपणा? नाही. वाशीहून सुटणारी गाडी व्हीटीला जायची होती आणि व्हीटीला डीसी होते. जुन्याला जोडायचे तर नवे जुनेच करावे लागते.

मग मुंबईनेच का नाही बदलले? कारण बदलायला गाडी थांबवावी लागते. मुंबईची गाडी थांबवणार कोण? रोजचे सत्तर-पंचाहत्तर लाख प्रवासी. हातात फक्त रात्रीचे तीन-चार तास आणि रविवारचे मेगाब्लॉक. ज्या मेगाब्लॉकांना आपण लग्नाच्या मुहूर्तापायी नावे ठेवली, त्यांतल्या कित्येक रविवारी वर खांबांवर माणसे इन्शुलेटर बदलत होती. उत्तर सापडले ते मला फार हुशारीचे वाटते. आधी तार बदलायची नाही, आधी गाडी बदलायची. दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या आणायच्या, त्या जुन्या तारेखाली चालवत राहायच्या आणि वरची तार तुकड्या-तुकड्याने बदलायची. जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी परिवहन प्रकल्प उभा राहिला. नोव्हेंबर २००७ मध्ये सीमेन्सची विद्युतयंत्रणा असलेली पांढरी-जांभळी गाडी आली. लोकांना वाटले, रंग बदलला. बदलले होते ते पोट. थ्री-फेज मोटरी, इलेक्ट्रॉनिक नियंत्रण, आणि ब्रेक लावताना मोटरच जनित्र होऊन तीस टक्क्यांच्या आसपास वीज तारेला परत. ज्या उष्णतेबद्दल मघाशी बोललो, तिला प्रथमच किंमत आली.

५ फेब्रुवारी २०१२ ला चर्चगेट-विरार पूर्ण एसी झाले. मध्य रेल्वेने कसाऱ्याच्या टोकाकडून सुरुवात केली होती, ती मेन लाइनवर सीएसटीला, म्हणजे जुन्या व्हीटीला, पोहोचली जून २०१५ मध्ये. दक्षिण मुंबईतले इंग्रजी अमदानीतले पूल आडवे आले. २५ हजार व्होल्टच्या तारेला वर जास्त मोकळी जागा लागते, नाहीतर हवेतूनच ठिणगी उडी मारते. पूल उचला किंवा रूळ खाली घ्या. सँडहर्स्ट रोडचा हँकॉक पूल तर जानेवारी २०१६ मध्ये पाडलाच. याच कारणाने छतावर बसणाऱ्या पोरांसाठी हार्बरवर धोक्याच्या मोहिमा चालल्या. १५०० व्होल्टच्या तारेपासून हातभर लांब राहून काही पोरे वाचत आली होती. या नव्या तारेला शिवायचीही गरज नव्हती.

हार्बर शेवटी राहिली. गरीब लाइन नेहमी शेवटीच राहते, हे माझे मत, रेल्वेचे नव्हे. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री शेवटची डीसी लोकल कुर्ल्याहून सीएसटीला गेली. १९२५ च्या पहिल्या गाडीचा मार्ग व्हीटी ते कुर्ला, शेवटच्या गाडीचा कुर्ला ते सीएसटी. योगायोग म्हणा. त्याच वर्षी हार्बरवर बारा डब्यांच्या गाड्या आल्या, नऊवरून बारा. मेन लाइननंतर तीस वर्षांनी. काही जुन्या डब्यांत नवी यंत्रणा घालून ते आणखी काही काळ वापरले. बाकीचे भंगारात गेले.

भंगाराचे मला वाईट वाटत नाही, लोखंडाचे तेच व्हायचे. वाईट वेगळ्याच गोष्टीचे वाटते. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात त्याच काळातले, घाटात मालगाड्या ओढणारे एक विजेचे इंजिन जपून ठेवले आहे. नाव काय? 'सर लेस्ली विल्सन'. उद्घाटन करणाऱ्या गव्हर्नरचे नाव इंजिनाला मिळाले, इंजिनाला संग्रहालयात जागा मिळाली. लोकलला नावच नव्हते. तिच्या तारखा मला कागदांत सापडल्या, त्या आज तुम्हाला सांगितल्या. पण कॅमशाफ्ट अडकला हे कारशेडमधला फिटर कानाने कसे ओळखायचा, जुलैच्या पावसात मोटरीत पाणी शिरले की ती वाळवायची कशी, शीवच्या पाणी भरलेल्या रुळांवर मोटरमन गाडी किती वेगाने काढायचा आणि कुठे थांबवायचा, हे कागदांत फारसे सापडत नाही. ते कुर्ला, कळवा, मुंबई सेंट्रल, कांदिवलीच्या कारशेडमधून निवृत्त झालेल्या माणसांच्या डोक्यात आणि हातात आहे. त्यांतले कितीतरी आपल्याच कल्याण-डोंबिवली-बदलापुरात राहतात.

म्हणून चिटणीसांशी बोलून एक गोष्ट ठरवली आहे. बाहेर पुस्तकविक्रीच्या टेबलाशेजारी एक वही ठेवली आहे. आपल्यात कुणी निवृत्त मोटरमन, गार्ड, फिटर, उपकेंद्रावर काम केलेले असतील, किंवा आपल्या घरी, शेजारी असे कुणी असतील, तर नाव आणि पत्ता लिहून जा. ग्रंथालयाची दोन मुले ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन घरी येतील. चहा तेवढा त्यांना पाजा. आता कुणाला काही विचारायचे असेल तर माइक मागच्या रांगेपासून सुरू करू. पुढच्या रांगेतले लोक नेहमीच आधी बोलतात.